कपाळावरचं मेण

कुंता माझी धाकटी जाऊ, मला बाई म्हणते. तुमसरची. तिचा भाऊ यादोराव तिथल्या धानाच्या मिलमध्ये कामाला होता. लग्न होऊन कोंढ्याला आली तेव्हा सतरा वर्षांची असेल. तिसऱ्याच दिवशी सासऱ्यांना वाढताना तिच्या हातून वरणाची वाटी त्यांच्या धोतरावर गेली. नवी सून आता रडेल म्हणून आम्ही बाया तिच्या तोंडाकडे पाहतो, तर ही हसत सुटली. सासरे आधी लाल झाले, मग तेही हसले. तेव्हापासून या घरात हसायचं काम तिच्याकडे गेलं. ओरडायचं माझ्याकडे होतंच.

रोवण्याच्या दिवसांत, लावणीला ती धानाच्या बांधीत उतरली की दुसऱ्या टोकाच्या बाया विचारायच्या, "काय झालं वं कुंता, आमाले बी सांग न!" झालेलं काहीच नसायचं. कोणाचा पाय चिखलात फसला, कोणाच्या डोक्यावर बगळा बसता बसता राहिला, एवढंच. परे, म्हणजे धानाची रोपं, लावायचा तिचा हात असा चाले की मी तिच्या शेजारी उभी राहत नसे. मागे पडल्यासारखं दिसतं.

एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, श्रावणला बांधीवर साप डसला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सहा दिवस तो मरणाच्या दारात होता. आम्ही सगळे रडलो. कुंता नाही रडली. खाटेजवळ बसून राहिली आणि शुद्धीवर आल्याबरोबर त्याला म्हणाली, "सापाचं काय झालं? तो जिता हाये का तुमाले चावून?" दवाखान्यातली पुष्पाबाई नर्स पोट धरून हसली होती.

म्हणून मला अजून समजत नाही. श्रावण वाचला, धान चांगलं झालं, पोरगी बेबी पाच वर्षांची गुटगुटीत. भांडण नाही, मरण नाही, काही नाही. आणि धानकापणी झाल्यावर ही बाई बसली. आधी हसणं गेलं, मग बोलणं, मग जेवण. सकाळी ओसरीच्या खांबाला टेकवून दिली की दुपारी तिथंच. बेबी मांडीवर चढे, ही तिला धरत नसे. पोरगी घसरून खाली येई आणि माझ्याकडे धावे.

दुःखाला कारण असलं की माणूस समजून घेतो. बिनकारणाचं दुःख मी पहिल्यांदा पाहत होते. मला राग येई, खरं सांगते. वाटे, नाटक करते. एकदा मी तिच्या हातात सूप दिलं आणि म्हटलं, "पाखड." संध्याकाळी येऊन पाहते तर सूप तसंच हातात, तांदूळ तसेच, आणि हाताला मुंग्या डसून फोड आलेले. तिनं मुंग्या झटकल्या नव्हत्या. त्या दिवशी माझा राग गेला आणि भीती आली.

भगत झाला, अंगारा झाला, दोन कोंबड्या झाल्या. कोंबड्या भगतानं खाल्ल्या, कुंतानं काही खाल्लं नाही. शेवटी श्रावणनं पुष्पाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, नागपूरचे एक डॉक्टर दर पंधरा दिवसांनी भंडाऱ्याला येतात, गाडीत यंत्र घालून. डोक्यातली वीज कागदावर उतरवतात. मी त्यांच्या मदतीला असते. घेऊन या.

"डोक्यात वीज?" मी श्रावणला म्हटलं. "आपल्या घरात अजून नाई आली, अन् हिच्या डोक्यात?"

त्या डॉक्टरांचं नाव खानखोजे. भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या माडीवर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली पितळेची भांडी ठोकणारे लोक, दिवसभर ठकठक. कागद काढायचा म्हणजे शांतता पाहिजे, म्हणून डॉक्टर स्वतः खिडकीतून ओरडत, "कृष्णराव, अर्धा तास!" आणि खालून उत्तर येई, "डाक्टरसाहेब, एक दिवस आमचं बी डोकं पाहून घ्या, ठोकून ठोकून काई उरलं का त्याच्यात!" मग हातोड्या थांबत.

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. हा मनाचा आजार आहे, नाटक नाही. याच्यावर गोळ्या आहेत. पण गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, आणि पडते की नाही हे समजायला महिना-सव्वा महिना जातो. तोपर्यंत माणूस खंगतो. "म्हणून मी गोळीच्या आधी एक कागद काढतो आणि पंधरा दिवसांनी दुसरा. ज्यांना पुढे बरं वाटतं, त्यांच्या कपाळाकडच्या रेघा लवकरच थोड्या बदलतात, असं मला दिसून राहिलं. माणूस हसायच्या आधी रेघ बदलते."

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण हे मला समजलं. मी म्हटलं, "म्हणजे बियाण्यासारखं. पेरायच्या आधी मूठभर धान ओल्या फडक्यात बांधून ठेवतो, मोड येते का पाहतो. नाई आली तं ते बियाणं बांधीत नाई टाकत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मी नागपूरला पोरांना दोन तास शिकवतो हे."

मी फुगले. ते फुगणं पुढे पंधराच दिवस टिकलं.

आत कुंताला खुर्चीवर बसवलं. पुष्पाबाईंनी तिच्या डोक्याला जागोजागी पांढरा लेप लावून तारा चिकटवल्या. मग स्पिरिटचा बोळा घेऊन म्हणाल्या, "कुंकू काढावं लागंल. एक तार बरोबर मधात बसते."

"जराशी बाजूले बसवा न बाई. कपाळ एवढं मोठं हाये."

"माया मर्जीनं नाई बसत ते. बाकी सगळ्या तारा या मधल्या तारीच्या भरोशावर राह्यतात."

आणि त्यांनी पुसलं. त्या काळी आम्ही आधी मेणाचा ठिपका लावायचो आणि त्याच्यावर कुंकू दाबायचो, म्हणजे दिवसभर हलत नसे. बोळ्यानं मेणही गेलं, कुंकूही गेलं. श्रावण दारात उभा. जिवंत, दोन पायांवर, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोचं कपाळ पांढरं. मी भिंतीकडे तोंड केलं. सहा महिनेही झाले नव्हते त्याला मरणाच्या दारातून आणून. कागद काढून झाल्याबरोबर, जिना उतरायच्या आधीच, मी कमरेच्या पिशवीतली डबी काढून तिला कुंकू लावलं. घाईत ठिपका वाकडा बसला.

गोळ्या सुरू झाल्या. मी स्वतः देत होते. आठ दिवस गेले, दहा गेले, कुंता खांबाजवळच. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या.

एक दिवस जेवताना श्रावण म्हणाला, "वयनी, गोळी नाई चालली तं डाक्टर नागपूरले बोलावते. विजेचे झटके देतीन म्हणते."

"ते तं म्हणत होते का लोक समजतात तेवढं वाईट नसते."

"वाईट असो का चांगलं असो. श्रावणची बायको पागलखान्यात हाये म्हणतीन. उद्या बेबीसंग लगन कोण करंल? दुसरा कागद नाई जमला, तं मी तिले तुमसरले सोडून येतो. यादोराव पाहून घेईल."

"अन् पोरगी?"

"पोरगी इथंच."

मी काय म्हणायला पाहिजे होतं आणि मी काय म्हटलं! मी म्हटलं, "धाडून द्या मंग. मायाच्यानं बी होऊन नाई राह्यलं आता. तिकडं गेली तं निदान माया हातून मेली असं तं नाई होणार."

हे सगळं कुंतापासून चार हातांवर. तिला ऐकू येत असेल असा विचारही कोणाच्या मनात आला नाही. खांबासमोर बोलताना कोण खांबाला विचारतं?

दुसऱ्या कागदाचा दिवस आला. एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच. आज पुन्हा पुसतील. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. देव एकदा डोळे झाकतो, दरवेळी झाकेल कशावरून? म्हणून माडीवर गेल्याबरोबर मी पुष्पाबाईंना म्हटलं, "तुमी तारा लावा, कुंकू मी पुसते. माया हातानं." जिन्यापर्यंत माणसं बसलेली, त्यांनाही घाई. त्या म्हणाल्या, "पुसा, पण साफ पुसजा."

मी पदराच्या टोकानं कुंकू काढलं. लाल रंग सगळा काढला. पण खालचं मेण राहू दिलं. अंगठ्यानं दाबून पातळ केलं, म्हणजे दिसू नये. मनात म्हटलं, कुंकू गेलं तरी त्याची बैठक जाग्यावर आहे. यमदूत आलाच तर बोट लावून पाहील आणि परत जाईल. डॉक्टरांचंही काम झालं आणि श्रावणचंही. इतकी हुशारी मी जन्मात केली नव्हती.

पुष्पाबाईंनी त्याच्यावर लेप लावला आणि तार बसवली. खालच्या हातोड्या थांबल्या. यंत्र खरखरलं, कागद घडीवर घडी पडत राहिला. मग पुष्पाबाईंनी तारा सोडल्या.

बराच वेळ डॉक्टर पेन्सिल घेऊन कागदावर वाकलेले. मग त्यांनी चष्मा काढला.

"समोरच्या रेघा गढूळ आहेत. पुष्पाबाई, मधली तार?"

"मागच्या सारखीच बसवली, सर."

"मग असंच असेल." ते श्रावणकडे वळले. "जो फरक मी पाहत होतो तो दिसत नाही. एरवी मी अजून पंधरा दिवस थांबलो असतो. पण हिचं वजन पुन्हा दोन किलोनं उतरलं आहे. हिच्याजवळ तेवढा वेळ नाही. नागपूरला आणा, लवकर."

खाली हातोड्या सुरू झाल्या होत्या. श्रावण उठला. पायात चपला घालू लागला. "नागपूरले नाई, साहेब. मी हिले तुमसरले सोडतो."

"तिथे काय इलाज आहे?"

"तिथं तिचा भाऊ हाये."

डोळ्यांपुढे बेबी आली. ही गेली की गेली, हे मला माहीत होतं. माहेरी नेऊन सोडलेली बाई परत आलेली मी आमच्या गावात पाहिली नव्हती. आणि मीच तर म्हटलं होतं, धाडून द्या.

तेवढ्यात कुंताचा हात वर गेला. चार महिने जो हात मुंग्यांसाठी उठला नव्हता, तो हात. कपाळापर्यंत गेला. तिनं नखानं मधोमध खरवडलं. नखात जे निघालं ते टेबलाच्या काठावर पुसलं. पिवळट, वालाच्या डाळीएवढं.

"मेण हाये," ती म्हणाली. "बाईनं राहू देलं."

गंजलेली कडी सरकावी तसा आवाज. मला तर आधी वाटलं मागे कोणी दुसरी बाई उभी आहे. मी वळून पाहिलं देखील! पुष्पाबाईंच्या हातातला बोळा खाली पडला. श्रावण एक चप्पल पायात, एक हातात. चार महिन्यांनी बाईनं तोंड उघडलं, आणि उघडलं ते माझी चुगली करायला.

"वयनी!" श्रावण ओरडला.

"पुसलं तं होतं," मी म्हटलं. "वरचं सगळं पुसलं. खालचं राहू देलं. तुमच्या जिवासाठी, भाऊजी."

मला वाटलं डॉक्टर आता मला जिन्यावरून खाली काढतील. त्यांनी काय करावं? वाकून ते मेण नखावर घेतलं, उजेडात धरलं. "असंच होतं? पूर्ण तारेखाली?"

"हो."

"मेणातून वीज जात नाही, आजी." मी तेव्हा आजी नव्हते, पंचेचाळिशीची होते. पण त्या दिवशी मला काहीही म्हणायची मुभा होती. "मधल्या तारेवर बाकीच्यांचा भरोसा. ती हवेत लटकली तर सगळ्याच रेघा खोट्या."

आणि मग मला लख्ख समजलं. बियाणं फडक्यात बांधलं होतं, आणि फडकं मीच कोरडं ठेवलं होतं. मोड येणार कुठून? आणि त्या कोरड्या फडक्याच्या भरोशावर आत्ता या बाईचं घर सुटत होतं. माझ्या अंगठ्यानं दाबलेल्या मेणामुळे. मी तिथंच फरशीवर बसले.

"पुन्हा काढू," डॉक्टर म्हणाले. "पुष्पाबाई, पुसा."

"थांबा," श्रावण म्हणाला. त्यानं हातातली चप्पल खाली ठेवली आणि पुष्पाबाईंच्या हातून नवा बोळा घेतला. "मी जिता आहो न? मंग मीच पुसतो. मंग तं कोणाचं काई नाई न, वयनी?"

नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बायकोचं कपाळ असं पुसलेलं मी त्याआधी पाहिलं नाही, त्यानंतरही नाही. मोठे खरखरीत हात, नांगर धरणारे. पण पुसलं असं, जसं बेबीच्या डोळ्यातलं कुसळ काढावं. कुंता त्याच्याकडे पाहत होती. नुसती समोर नाही, त्याच्याकडे.

"कृष्णराव, अजून अर्धा तास!"

"आता कोणाचं डोकं बिघडलं, साहेब?" खालून.

"माझं," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

तिसरा कागद निघाला. डॉक्टरांनी तो पहिल्याच्या शेजारी पसरला आणि मला बोलावलं. बघा, म्हणाले. मी पाहिलं. इकडेही मुंग्यांची रांग, तिकडेही मुंग्यांची रांग. पण त्यांची पेन्सिल एका जागी थांबली होती आणि त्यांचा चेहरा मघासारखा नव्हता.

"फरक आहे. थोडा आहे, पण आहे. मला वाटतं गोळी लागून राहिली. नागपूर आत्ता नको, तुमसरही नको. दर आठवड्याला वजन करायचं, आणि आणखी खाली गेलं तर थांबायचं नाही."

"आता तं ते बोललीच," श्रावण म्हणाला. "मंग कागद कायले पाह्यजे, साहेब?"

"एका वाक्यावर मी गोळी चालू ठेवली नसती. उद्या ती पुन्हा गप्प बसेल, आणि तुम्ही पुन्हा चपला घालाल. तेव्हा हे कागद आठवा." मग म्हणाले, "माझंही चुकतं. मी अजून शिकतोच आहे. आज एक नवीन शिकलो."

खराब झालेला कागद त्यांच्या कामाचा नव्हता. कुंतानं हात पुढे केला. त्यांनी दिला.

आणि ती खरंच दुसऱ्या दिवशी गप्प बसली. तिसऱ्याही. मला वाटलं गेलं सगळं. श्रावणनं चपला घातल्या नाहीत, एवढंच. आठव्या दिवशी तिनं भाताला मीठ कमी आहे म्हटलं. विसाव्या दिवशी बेबी मांडीवर चढली तर हिनं तिला धरलं. पुढे दोन पावलं, मागे एक, असं होळी गेली, उन्हाळा गेला. रोवणा आला तेव्हा ती बांधीत उतरली. पहिले दोन दिवस मी मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहिले, कारण त्या साली पहिल्यांदा मागे ती पडत होती.

तिसऱ्या दिवशी वाकल्या वाकल्याच म्हणाली, "बाई, तुमी म्हटलं होतं न, धाडून द्या मंग."

माझ्या हातातली पऱ्यांची जुडी पाण्यात पडली.

"आयकत होती तू?"

"सगळं आयकत होती. एकेक गोठ. भगत कोंबडीले बारीक म्हणत होता ते बी आयकलं. तोंडच उघडत नव्हतं. कोणी छातीवर जातं ठेवलं असं. म्या ठरवलं होतं, तुमसरले सोडून आले का तिथल्या तलावाकडं जाचं."

ती पाण्यातून जुडी उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "मंग डाक्टर म्हणे रेघ बिघडली. म्या म्हटलं, रेघ नाई बिघडली, बाईचं मेण हाये. एवढी खोटी गोठ आयकून कसं गप बसू?" आणि हसली. दुसऱ्या टोकाच्या बाया ओरडल्या, "काय झालं वं?" मी डोळे पुसत होते. दोन्ही हात चिखलाचे, तोंडभर चिखल झाला. त्यांना हसायला ते पुरलं.

पुढे दोनदा तिला पुन्हा तसं झालं. एकदा बेबीच्या लग्नानंतर, एकदा असंच. दोन्ही वेळा मी तिच्या शेजारी बसून मोठ्यानं चांगलं-चांगलं बोलत असे, धानाचं, गावाचं, कोण काय म्हणालं त्याचं. उत्तर येवो न येवो. ऐकते हे मला माहीत होतं.

अठ्ठ्याऐंशी साली माझे मालक, लक्ष्मणराव, गेले. ताप आला, चार दिवसांत गेले. मी त्यांच्या हयातीत माझ्या कपाळावरचं कुंकू कोणाला एकदाही पुसू दिलं नव्हतं. आणि ज्याच्या बायकोचं तीनदा पुसलं, एकदा तर त्यानंच पुसलं, तो श्रावण अजून ओसरीत बसून चहात साखर कमी म्हणून भांडतो. याचा विचार करायला बसले की मी आजही थक्क होते. मग उठून कामाला लागते.

तो खराब कागद कुंताच्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली. नातवंडं आली की काढते. "हे पाहा," म्हणते, "हे तुमच्या मोठ्या आजीचं डोकं हाये." पोरं हसतात. मी ओरडते, ते काम अजून माझ्याकडेच आहे.

आता मेण कोण लावतं! टिकलीचं पाकीट मिळतं. रोज सकाळी कुंता माझ्यासमोर बसते, कारण आरसा माझ्या खोलीत आहे. जुनी टिकली काढते, बोटानं कपाळ घासते, आणि नवी लावायच्या आधी तोंड पुढे करून विचारते,

"बाई, पाहा बरं, खाली काई राह्यलं तं नाई?"